नारळ आणि श्रीफळ

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि निवड समिती,
मुंबई क्रिकेट असोसिएशन,
वानखेडे स्टेडियम, चर्चगेट, मुंबई.

विषय: दीर्घकाळ खेळलेल्या खेळाडूंना निरोप देण्याची रीत

संघाने खेळाडूला काढून टाकणे याला मराठीत नारळ देणे म्हणतात. वर्तमानपत्रांत त्याच अर्थी 'डच्चू' हा शब्द चालतो, पण नारळाची गंमत वेगळी. तोच नारळ शालीबरोबर, माईकसमोर, फोटोग्राफरकडे तोंड करून दिला की त्याचे श्रीफळ होते. मुंबईच्या क्रिकेटने आपल्या जुन्या माणसांना दोन्ही दिलेले आहेत. मात्र नारळ आधी मिळाला आणि श्रीफळ पुष्कळ वर्षांनी, कधी तर ते घ्यायला माणूसच उरला नव्हता, असे बरेचदा झाले. हे पत्र त्या मधल्या वर्षांविषयी आहे.

पत्र ॲडम्सटाउनहून लिहिलेले आहे. डब्लिनच्या पश्चिमेला, लूकनच्या शेजारी, आधी कागदावर आखून मग वसवलेले हे गाव. २००३ साली त्याचा आराखडा मंजूर झाला, २००७ मध्ये रेल्वे स्टेशन उघडले आणि घरे अजूनही बांधली जात आहेत. गावात भारतीय कुटुंबे बरीच, त्यांत मराठीही. हिवाळ्यात मुंबईत साडेनऊला रणजीचा पहिला चेंडू पडतो तेव्हा इथे पहाटेचे चार वाजलेले असतात आणि मुंबईत दिवसाचा खेळ संपतो तेव्हा इथले सकाळचे अकरा. त्यामुळे ऑफिसला निघण्यापूर्वी जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा धावफलक बघून होतो. फोनच्या त्या छोट्या पडद्यावर अकरा नावे असतात. वर्षानुवर्षे तिथे असलेले एखादे नाव एके दिवशी दिसत नाही. कारण कुठेच लिहिलेले नसते. धावफलकात त्याला रकानाच नाही. दुसऱ्या एका खेळात मात्र त्याची रीत लिहून ठेवलेली आहे.

याच गावापासून थोड्या अंतरावर, क्लॉन्डॉल्किनजवळच्या कॉर्का पार्कमध्ये, बेसबॉलचे मैदान आहे. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाची मालकी अनेक वर्षे ज्यांच्या घराण्याकडे होती त्या पीटर ओमॅली यांच्या मदतीतून ते १९९८ साली उभे राहिले. आयर्लंडमध्ये हा खेळ मूठभर लोक खेळतात. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला तिथे आधी काहीच उमगत नाही, मग एकेक जागा ओळखीची वाटू लागते. मैदानाच्या मागच्या अंगाला तिघे उभे असतात, डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. उंच गेलेल्या चेंडूमागे पळणे आणि पकडल्यावर तो लांबून नेमका फेकणे हे त्यांचे काम. प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ हेच उभे असतात. वानखेडेवर नॉर्थ स्टँडच्या पुढ्यात सीमारेषेवर उभ्या असलेल्याच्या कानावर जेवढे कौतुक आणि जेवढ्या शिव्या पडतात, तेवढ्याच यांच्या. म्हणून गावाचा जीव बरेचदा आउटफिल्डरवर असतो. आणि पाय मंदावले की सर्वांत आधी उघडा पडतो तोही हाच, कारण चुकलेला झेल लपवायला तिथे जवळ दुसरा कोणी नसतो.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये अशा खेळाडूला सोडण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्याला दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी बदलता येते. चाळीस जणांच्या यादीतून त्याचे नाव काढता येते, मग सात दिवसांत क्लबने काय ते ठरवायचे: कुणाला द्यायचा, खालच्या संघात पाठवायचा की मोकळा करायचा. भावनेला इथे जागा कमी. खुद्द बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजने १९३५ च्या फेब्रुवारीत सोडले आणि तो बोस्टनच्या एका संघाकडून दोनेक महिने खेळून थांबला.

या व्यवहाराला पहिला मोठा धक्का एका आउटफिल्डरनेच दिला. कर्ट फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा मधल्या जागेवरचा खेळाडू. बारा हंगाम तो त्या संघात होता. १९६४ आणि १९६७ या दोन्ही विश्वमालिका जिंकणाऱ्या संघांत होता आणि उत्तम क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक त्याने ओळीने सात वर्षे मिळवले होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. ही बातमी त्याला मालकाने किंवा प्रशिक्षकाने दिली नाही, कचेरीतल्या मधल्या फळीतल्या एका माणसाचा फोन आला. फ्लड गेला नाही. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून कळवले की बारा वर्षे खेळलेला माणूस ही इच्छा न विचारता विकायची मालमत्ता नव्हे. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लड हरला. खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली होती.

तो हरला, पण पुढच्याच वर्षी, खेळाडू आणि मालक यांच्यातल्या १९७३ च्या करारात, एक कलम आले. जो खेळाडू मुख्य लीगमध्ये दहा वर्षे खेळला आहे आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात, त्याला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे देता येत नाही. दहा आणि पाच, एवढेच ते कलम. संघाचा नवा माणूस घेण्याचा हक्क त्याने काढून घेतला नाही. म्हाताऱ्या खेळाडूला जागा राखून ठेवा असेही त्यात म्हटलेले नाही. ठरवण्यापूर्वी त्याला विचारावे लागते, इतकेच. या पत्रातला सगळा आग्रह त्या एका 'विचारावे लागते'पुरता आहे.

आता मुंबई. भारतीय देशांतर्गत क्रिकेटमध्ये खेळाडूंची अदलाबदल होत नाही, विक्री होत नाही. एका संघटनेतून दुसऱ्या संघटनेत जाण्यासाठी मूळ संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि घेणारा संघ मोजक्याच पाहुण्या खेळाडूंना घेऊ शकतो. महाराष्ट्र राज्यात तर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत, त्यामुळे राज्य न सोडताही संघ सुटू शकतो. ना-हरकत प्रमाणपत्र हा विलक्षण कोरडा शब्द आहे. भाड्याचे घर सोडताना सोसायटी देते तोच. वीस वर्षांच्या नात्याचा शेवट सांगणारा कागद फक्त इतके म्हणतो की आमची हरकत नाही.

अमोल मुझुमदारची गोष्ट मुंबईला तोंडपाठ आहे, तिचा पूर्वार्ध तर फारच. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता, तो मुझुमदार. १९९४ मध्ये फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने २६० धावा काढल्या. पदार्पणातल्या सर्वोच्च धावसंख्येचा तो विक्रम जवळपास पंचवीस वर्षे टिकला. प्रथम श्रेणीत १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतके आणि भारताकडून शून्य सामने. २००६-०७ चा हंगाम मुंबईने पराभवांनी सुरू केला आणि शेवटी वानखेडेवर बंगालला हरवून करंडक उचलला, तो मुझुमदारच्या नेतृत्वाखाली. भारताच्या निवड समितीने त्याला कधी घेतले नाही याची हळहळ मुंबईकराला आजही वाटते. ती व्यक्त करताना मुंबईकर एक तपशील सहसा गाळतो: २००९-१० च्या हंगामात मुझुमदार मुंबईचा राहिला नव्हता. तो आसामकडून खेळला आणि नंतर आंध्रकडून. करंडक जिंकून देणारा कर्णधार तीन हंगामांत गुवाहाटीला पोचला होता.

क्रिकेटच्या हिशेबाने त्यात खोट काढणे अवघड आहे. मधल्या फळीत रोहित शर्मा होता. अजिंक्य रहाणेने २००८-०९ च्या एकाच रणजी हंगामात हजारावर धावा काढल्या होत्या. पस्तिशीकडे आलेल्या फलंदाजासाठी विशीतल्या रहाणेला बाहेर बसवा असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. मुंबईच्या क्रिकेटला लोक खडूस म्हणतात ते याचसाठी, आणि तो खडूसपणा ४२ रणजी करंडकांच्या मुळाशी आहे. तक्रार निवडीबद्दल नाही. वानखेडेवर जो मुंबईचा कर्णधार म्हणून करंडक घेऊन उभा राहिला, त्याचा मुंबईकडून शेवटचा सामना कोणता, हे तो सामना चालू असताना स्टँडमधल्या कोणालाच ठाऊक नव्हते. टाळ्या वाजवायची वेळ कधी येऊन गेली ते कळलेच नाही.

दुसरी गोष्ट वसीम जाफरची. बेस्टच्या बसचालकाचा हा मुलगा १९९६-९७ मध्ये दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात नाबाद ३१४ काढून मुंबईच्या सलामीला चिकटला तो जवळजवळ दोन दशके. २००८-०९ आणि २००९-१० असे लागोपाठ दोन करंडक त्याच्या कप्तानीत आले. त्यातला दुसरा म्हैसूरला कर्नाटकविरुद्ध अवघ्या सहा धावांनी, रक्तदाब वाढवणारा. मुझुमदारच्या नावावरचा रणजीतील सर्वाधिक धावांचा विक्रमही पुढे जाफरकडे आला. २०१५ मध्ये, सदतिशीत, तो ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन विदर्भात गेला.

त्याच हंगामात, २०१५-१६ मध्ये, मुंबईने ४१ वा करंडक जिंकला. श्रेयस अय्यरने त्या हंगामात १,३२१ धावा केल्या. म्हणजे जाफरच्या जाण्याने मुंबईचे तेव्हा काही अडले नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. पुढच्या वर्षी अंतिम सामना हरल्यावर पंडितांचेही मुंबईशी नाते संपले आणि तेही विदर्भाचे प्रशिक्षक म्हणून नागपूरला गेले. अशा रीतीने मुंबईने मोकळे केलेले दोन मुंबईकर जामठ्याच्या एका ड्रेसिंग रूममध्ये एकत्र आले.

पुढचे आकडे विदर्भातल्या शाळकरी मुलांनाही येतात. रणजीत साठ वर्षे खेळून एकदाही करंडक न मिळालेल्या विदर्भाने २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून तो जिंकला. २०१८ सालच्या पहिल्या दिवशी विजयासाठीच्या शेवटच्या धावा निघाल्या तेव्हा मैदानात जाफर होता. मार्चमध्ये इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने २८६ काढल्या, वय ४०. पुढच्या हंगामात पुन्हा हजारावर धावा आणि पुन्हा करंडक. त्याच हंगामात, डिसेंबर २०१८ मध्ये, नागपूरला मुंबईविरुद्ध त्याने १७८ धावांची खेळी केली आणि मुंबई एका डावाने हरली. मार्च २०२० मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा रणजीत त्याच्या १२,०३८ धावा होत्या. आजवर दुसरा कोणी बारा हजारांवर गेलेला नाही. मुंबईकडून आठ आणि विदर्भाकडून दोन, असे दहा करंडक त्याच्या वाट्याला आले.

जाफरच्या १७८ ला मुंबईत पूर्वपीठिका आहे. संदीप पाटील मुंबई सोडून मध्य प्रदेशचे कर्णधार झाले आणि १९९० मध्ये त्यांनी मुंबईलाच १८५ धावांचा तडाखा दिला. पुढे पंडितांनीही प्रशिक्षक म्हणून जून २०२२ मध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशला पहिला करंडक मिळवून दिला, समोर मुंबई होती. त्या दिवशी मुंबईच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून बसला होता अमोल मुझुमदार. आसाम आणि आंध्र फिरून तो २०२१ मध्ये मुंबईकडे परतला होता. असोसिएशनने जुन्या खेळाडूसाठी दार पुन्हा उघडले त्याचे हे चांगले उदाहरण आहे आणि ते असोसिएशनच्या खात्यावर मांडायलाच हवे. दार उघडायला बारा वर्षे लागली, हेही त्याच खात्यावर.

याच माणसाकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षकपद आले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. ॲडम्सटाउनला तेव्हा रविवारची संध्याकाळ होती आणि लोक जागे होते. भारताकडून एकही सामना न खेळलेला माणूस विश्वविजेत्या संघाचा प्रशिक्षक झाला यावर त्यानंतरचा आठवडाभर भरपूर छापून आले. २००९ चे गुवाहाटी त्यात एखाद्या ओळीपुरते होते.

नारळ आणि श्रीफळ यांत किती वर्षे जाऊ शकतात याचा सर्वांत मोठा हिशेब मात्र अजित वाडेकरांच्या नावावर आहे. १९७१ मध्ये त्यांच्या कप्तानीत भारताने वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकल्या. १९७२-७३ मध्ये मायदेशी पुन्हा इंग्लंडला हरवले. १९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये तीनही कसोटी हरल्या आणि लॉर्ड्सवर एक डाव ४२ धावांत आटोपला. लोक इतके चिडले की १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला उभारलेल्या भल्यामोठ्या बॅटीचीही नासधूस झाली. परतल्यावर दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातून वाडेकरांना वगळण्यात आले. भारताच्या कर्णधाराला विभागीय संघात जागा नव्हती. ते निवृत्त झाले आणि स्टेट बँकेतल्या टेबलाकडे परतले. वयाच्या तेहतिशीत.

तो निर्णय विभागीय निवड समितीचा होता, मुंबई असोसिएशनचा नव्हे. तसेच विजय मांजरेकरांचे. १९६५ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०२ धावा करून ते तंबूत परतले आणि पुन्हा कसोटी खेळले नाहीत, तोही निर्णय राष्ट्रीय निवड समितीचा. पण वाडेकर दादरचे आणि मांजरेकर मुंबईचे होते. ज्या शहराने त्यांना घडवले त्याने तरी त्यांना जाताना काही द्यायला हवे होते. वाडेकरांचे नाव वानखेडेच्या एका स्टँडला मे २०२५ मध्ये दिले गेले. ते १५ ऑगस्ट २०१८ रोजी वारले. १९७४ पासून मोजली तर मध्ये ५१ वर्षे गेली, त्यांतली शेवटची जवळपास सात वाडेकरांशिवाय.

स्टँडला नाव देणे चांगलेच. जानेवारी २०२५ मध्ये वानखेडेची पन्नाशी साजरी झाली तेव्हा जुन्या खेळाडूंना बोलावून सत्कार केले, तेही चांगले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरला याच मैदानावर दोनशेव्या कसोटीचा निरोप मिळाला. त्या दिवशी हजर असलेला माणूस अजून ते सांगताना थांबतो, आवंढा गिळतो. म्हणजे निरोप कसा द्यावा हे या शहराला माहीत नाही असे नव्हे. सचिनला दिला तसा निरोप प्रत्येकाला देता येणार नाही, पण त्याच्या शतांशानेसुद्धा मुझुमदारचे भागले असते.

डब्लिनमध्ये राहून या बाबतीत फुशारकी मारण्यासारखे काही नाही. केविन ओब्रायन हा इथला सर्वांत लाडका क्रिकेटपटू. २ मार्च २०११ रोजी बंगळुरूला विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याने ५० चेंडूंत शतक ठोकले आणि आयर्लंडने ३२७ धावांचा पाठलाग पुरा केला. मे २०१८ मध्ये शहराच्या उत्तरेला मॅलाहाइड इथे आयर्लंडच्या पहिल्या कसोटीत देशाचे पहिले कसोटी शतक त्याचेच. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. ऑस्ट्रेलियातल्या टी-ट्वेंटी विश्वचषकात खेळून थांबायची इच्छा होती, पण आधीच्या विश्वचषकापासून संघात निवड झाली नाही आणि निवडणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे आहे, अशा अर्थाचे त्याचे निवेदन होते. ते वाचताना दादरच्या माणसाला भाषांतराची गरज पडली नाही.

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये मात्र एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. खेळाडू हौशी, पैसे नाहीत, आणि माणूस ज्या काउंटीचा तिच्याकडून खेळतो. थांबतानाचे निवेदन बहुतेक वेळा खेळाडू स्वतः काढतो आणि काउंटीचे मंडळ त्याच दिवशी त्याच्या आभाराची चार वाक्ये प्रसिद्ध करते. जागा गेलेली असते हे दोघांनाही माहीत असते. पण बातमी त्याच्या तोंडून येते. बेसबॉलच्या सगळ्या कलमांपेक्षा मुंबईला हे जवळचे आहे, कारण रणजीचा संघही क्लब नव्हे, ती काउंटीच आहे.

जपानचा इचिरो सुझुकी हे आउटफिल्डरचे आणखी एक उदाहरण, थोडक्यात. सिॲटल मरीनर्सने २०१८ च्या मे महिन्यात त्याला खेळाडूंच्या यादीतून काढले, पण कचेरीत जागा दिली, संघाबरोबर सराव चालू ठेवू दिला आणि मार्च २०१९ मध्ये हंगामाचे पहिले दोन सामने टोकियोत होते, त्यांत पुन्हा उतरवले. दुसऱ्या सामन्यात मध्येच त्याला बाहेर बोलावले आणि सगळे स्टेडियम उभे राहिले. वय ४५. संघ त्या दिवशी जिंकलाही.

या सगळ्यावर असोसिएशनकडून येणारे उत्तर अंदाजाने सांगता येते. रणजीचा प्रत्येक गुण मोलाचा असतो. अकरा जणांतली एक जागा समारंभासाठी देता येणार नाही. कांगा लीग खेळून पावसात भिजलेला एकोणीस वर्षांचा मुलगा त्या जागेसाठी थांबलेला आहे. हे उत्तर बरोबर आहे, आणि या पत्रात अकरा जणांतली जागा मागितलेलीही नाही.

मागणी लहान आहे. मुंबईकडून दहा हंगाम खेळलेल्या खेळाडूला संघातून वगळायचे ठरले तर यादी वर्तमानपत्रांकडे जाण्यापूर्वी निवड समितीच्या अध्यक्षांनी समोर बसून त्याला ते सांगावे, चहा पाजून. त्याने दुसऱ्या संघटनेकडे जायचे ठरवले तर प्रमाणपत्र टपालाने किंवा ईमेलने धाडू नये. त्याला हंगामातल्या पहिल्या घरच्या सामन्याला बोलवावे. सामना वानखेडेवर असो की बीकेसीला, तिकीट नसतेच, चारशे-पाचशे लोक येतात, बहुतेक निवृत्त, डबा घेऊन आलेले, प्रत्येकाची सरासरी पाठ असलेले. त्यांच्यासमोर संघाच्या कर्णधाराने त्याला टोपी द्यावी आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचे सामने, धावा किंवा बळी वाचून दाखवावेत. मग त्याने खुशाल नागपूरला, गुवाहाटीला किंवा पर्वरीला जावे आणि डिसेंबरात मुंबईविरुद्ध १७८ काढाव्यात.

यासाठी घटनादुरुस्ती नको, निधी नको. रणजीच्या दिवसात जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची असते. त्यांतली दहा असोसिएशनने येत्या हंगामापासून यासाठी राखून ठेवावीत.

कळावे,
मुंबईच्या मैदानांवर वाढलेला एक प्रेक्षक
ॲडम्सटाउन, डब्लिन, आयर्लंड